चरितार्थ आणि पाचारण: किंमत कोणी द्यावी?

वैनगंगा आणि प्राणहिता या नद्यांच्या काठच्या मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि तो प्रश्न लहान नाही. कोणी आश्रमशाळेत शिक्षक असतो, कोणी बल्लारपुराकडे कोळशाच्या खाणीत अथवा कागदाच्या कारखान्यात कामास जातो, कोणी भगिनी आरोग्य उपकेंद्रात परिचारिका असते. आणि पुष्कळ जण पावसाळ्यात धानाची शेती व उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपाने यांवर आपला संसार चालवितात. यांपैकी एखाद्याच्या अंतःकरणात प्रभूची सेवा करण्याचे पाचारण उत्पन्न होते. मग त्याने काय करावे? हातातले काम सोडून सर्वस्वी सेवेस वाहून घ्यावे, की काम सांभाळून उरलेला वेळ मंडळीस द्यावा?

याविषयी मंडळीत दोन मते ऐकू येतात. काहींचे म्हणणे असे की, जो नांगरास हात घालून मागे पाहतो तो सेवेस योग्य नव्हे. म्हणून नोकरी सोडल्यावाचून खरी सेवा होत नाही. दुसरे म्हणतात, पौल स्वतःच्या हातांनी कष्ट करून पोट भरीत असे, तेव्हा आजच्या उपदेशकानेही तसेच करावे आणि मंडळीवर भार घालू नये. दोन्ही पक्ष शास्त्राचा आधार देतात, आणि दोन्हींच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. परंतु या वादात एक गोष्ट बहुधा कोणी विचारीत नाही, ती ही की, दोन्हींपैकी कोणताही मार्ग धरला तरी त्याची किंमत पडते. ती किंमत कोण देतो? आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथेच आहे.

हा प्रश्न पूर्वी इतका तीव्र नव्हता, यासही कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीचे काम चांद्यास सुरू झाले. त्या काळी या प्रांतातल्या मिशनांत उपदेशकास पगार मिळे, आणि त्या पगाराचा पैसा बहुतांशी समुद्रापलीकडून येई. पुढे ते दिवस सरले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताच्या मंडळीची स्थापना झाली. आपल्या घरचा कारभार आपणच चालवावा हे योग्यच झाले. पण त्याबरोबर आपल्या घरचा खर्चही आपणच सोसावा हे ओघाने आले. जंगलातील दहा-पंधरा घरांच्या मंडळीस पूर्ण वेळाचा पाळक पोसणे कठीण जाते. म्हणून आता कमावता मनुष्यच उपदेशकही व्हावा अशी अपेक्षा सहज केली जाते.

प्रथम पवित्र शास्त्र काय दाखविते ते पाहू. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात पौल करिंथ नगरास आला आणि अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरी राहिला, असे सांगितले आहे. क्लौद्य कैसराने यहूद्यांस रोम सोडून जाण्याची आज्ञा केल्यामुळे ते दोघे नुकतेच तेथे आले होते. तिघांचा धंदा एकच, तंबू करण्याचा. तेव्हा ज्या हातांनी पौलाने मंडळ्यांस पत्रे धाडिली त्याच हातांनी तंबूचे जाड कापडही शिवले. आमोस संदेष्टा मेंढरे राखणारा व उंबरांची निगा करणारा होता. लूक वैद्य होता. तेव्हा धंदा हा अपवित्र आणि उपदेश तेवढा पवित्र, हा भेद शास्त्रात नाही.

परंतु पौलाचे उदाहरण देणाऱ्यांनी ते अर्धवट देऊ नये. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो मोठ्या आग्रहाने सांगतो की, सुवार्ता सांगणाऱ्याचा चरितार्थ सुवार्तेवर चालावा हा त्याचा हक्क आहे. तो हक्क स्थापित केल्यावर मगच तो म्हणतो की, मी त्याचा उपयोग केला नाही. शिवाय ज्याने करिंथात काही घेतले नाही त्यानेच फिलिप्पैच्या मंडळीचे साहाय्य आनंदाने स्वीकारले. यावरून काय दिसते? हक्क सोडून देणे हे ज्याचा हक्क आहे त्याचे काम आहे. मंडळीने त्याचा हक्क त्याच्या वतीने सोडून टाकणे हे औदार्य नव्हे, तो अन्याय होय. पौलाच्या तंबूचे कापड आपल्या कंजूषपणावर झाकण म्हणून कोणी घालू नये.

आता इतिहासाकडे वळू. १७३२ साली मोरेव्हियन मंडळीने वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांकडे जे पहिले दोघे सेवक पाठविले त्यांपैकी लिओनार्ड डोबर हा कुंभार होता आणि डेव्हिड निचमन हा सुतार होता. विल्यम केरी हा इंग्लंडात जोडे शिवीत असे. बंगालात आल्यावर त्याने काही वर्षे मुदनाबाटी येथे निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहिली, आणि १८०१ पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिक्षकाची नोकरी केली. तेथे तो बंगाली व संस्कृत यांबरोबर आपली मराठीही शिकवी. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने मराठीचे व्याकरण तयार केले, ते १८०५ साली छापून निघाले. मराठी कोश १८१० साली निघाला. नोकरीचा पगार तो श्रीरामपूरच्या बंधूंच्या सामाईक खजिन्यात घाली आणि आपल्या गरजेपुरतेच घेई. मराठी शास्त्राच्या आरंभीच्या छापील प्रतींमागे अशा रीतीने एका नोकरदार मनुष्याची कमाई उभी आहे.

याहून जवळचे उदाहरण स्टीफन हिस्लॉप यांचे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. शाळा चालविणे व उपदेश करणे हे त्यांचे काम. पण उपदेशाच्या फेरीस निघाले असता वाटेतील दगड, जीवाश्म आणि गोंड लोकांच्या चालीरीती यांचाही ते अभ्यास करीत. वर्धेच्या खोऱ्यात मांगली येथील खडकांत त्यांस व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांस एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली, तिचे वर्णन रिचर्ड ओवेन या प्रसिद्ध शास्त्रज्ञाने केले. एकाच प्रवासात दोन कामे झाली, आणि एकाने दुसऱ्यास बाधा केली नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाकडून परत येत असता ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला.

याच्या उलट मार्गाने गेलेलेही आहेत. बाबा पदमनजी यांस १८६७ साली पाळकाची दीक्षा मिळाली. परंतु काही वर्षांनी त्यांनी पाळकपद सोडिले आणि बायबल सोसायटी व ट्रॅक्ट सोसायटी यांसाठी लिहिणे, भाषांतर करणे व ग्रंथ तपासणे हेच आपले सेवाकार्य मानिले. व्यासपीठावरून उतरून मेजाशी बसणे ही त्यांच्या पाचारणाची हानी ठरली नाही.

आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे उदाहरण तर सर्वांस ठाऊक आहे. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका परक्या प्रवाशाने त्यांस नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगर येथे शिक्षक, उपदेशक, कवी व संपादक या नात्यांनी त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाल काम केले. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडिला, संन्यस्त वृत्ती पत्करिली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडिला. परकीय पैशावर पोसलेल्या उपदेशकाचे बोलणे देशबांधवांच्या कानांत शिरत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनास फार दिवस बोचत होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांचा त्याग खरा होता. परंतु लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांस हेही ठाऊक आहे की, टिळकांच्या औदार्याचा व आकस्मिक निश्चयांचा भार घरावर कसा पडे. त्या माउलीने ते विनोदाने सांगितले आहे. पण विनोदाखाली संसाराची ओढाताण स्पष्ट दिसते. पतीच्या त्यागाचा मोठा भाग पत्नीने दिला, आणि तो देण्यापूर्वी तिला प्रत्येक वेळी विचारले गेले असे नाही.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करावा. प्रभूने बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टांत सांगितला, त्यात आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असा उपदेश आहे. आम्ही त्यास इतकेच जोडतो की, हिशेब करिताना खर्च कोणाच्या थैलीतून जातो हेही लिहावे. आपल्या पाचारणाची किंमत स्वतः देणे ही सेवा होय. ज्याने ते पाचारण पत्करिले नाही त्याच्याकडून ती किंमत गुपचूप वसूल करणे ही सेवा नव्हे, मग कोणाच्याही नावाने ती केलेली असो. आमच्या या भागात अशी किंमत तिघांकडून नकळत घेतली जाते.

पहिला तो, ज्याचा पगार आपण घेतो. शिक्षक उद्याच्या उपासनेचा उपदेश वर्गात बसून तयार करितो, तेव्हा त्याचा वेळ देवास दिला जात नाही. तो माडिया व गोंड मुलांच्या हातून काढून घेतला जातो. ज्या मुलाच्या घरी गोंडी बोलली जाते आणि ज्यास मराठी अक्षर अजून परके आहे, त्याचा एक तास गेला म्हणजे पुष्कळ गेले. शिवाय पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, असे भारताच्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमात सांगितले आहे. आणि पंचविसाव्या कलमाने प्रत्येकास सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांच्या मर्यादेत आपला धर्म पाळण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ही दोन्ही कलमे आम्ही एकत्र वाचितो. परंतु कायद्यापेक्षाही खोल असे एक कारण आहे. वनरक्षकाच्या हाती दंड करण्याची सत्ता असते. परिचारिकेच्या हाती रोग्याचा जीव असतो. शिक्षकाच्या हाती मुलाचे भवितव्य असते. अशा मनुष्याने कामावर असता धर्माविषयी शब्द काढला तर ऐकणारा तो मान्य करितो की भितो, हे कोणी सांगावे? भीतीने दिलेला होकार सुवार्तेस नको आहे. पौलाने करिंथात पैसा घेतला नाही, कारण आपल्या हातून सुवार्तेस अडथळा होऊ नये असे त्यास वाटे. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने त्याच कारणाने आपल्या गणवेशात असताना मौन धरावे आणि चोख काम हीच आपली साक्ष होऊ द्यावी.

दुसरे ते, जे आपल्या घरात राहतात. चैत्र-वैशाखात पहाटे मोहफुले वेचावी लागतात; त्यामागून तेंदूपानांचा हंगाम येतो, तेव्हा उन्हे चढण्यापूर्वी जंगलात जाऊन पाने तोडावी, दुपारी घरी बसून पुडे बांधावे, आणि ते फळीवर नेऊन मोजून द्यावे. आषाढात रोवणी सुरू झाली म्हणजे चिखलात वाकून वाकून कंबर मोडते. अशा दिवसांत घरधनी अहेरीस किंवा सिरोंचास प्रार्थनासभेस गेला, तर त्याच्या वाट्याचे काम थांबत नाही. ते त्याची पत्नी करिते, थोरली मुलगी शाळा बुडवून करिते. सभेत मात्र आभार घरधन्याचे मानिले जातात. आणि पाचारण जर स्त्रीस झाले असेल, तर काय होते ते सर्वांनी पाहिले आहे: दिवसभर अंगणवाडी किंवा दवाखाना, संध्याकाळी चूल, आणि रविवारी मुलांचा शब्बाथ शाळेचा वर्ग. तिच्या तीन कामांची गणना कोणी करीत नाही. पौलाने प्रिस्किल्लेचे नाव आपल्या सहकाऱ्यांत घेतले. आमच्या मंडळीच्या वहीत अशा किती भगिनींची नावे सहकारी म्हणून लिहिली आहेत?

तिसरा तो कळप, ज्याची सेवा करावयाची आहे. या भागातील अंतरे व वाटा ज्यांस ठाऊक आहेत त्यांस अधिक सांगणे नको. पर्लकोटा नदीस पूर आला म्हणजे भामरागडाचा मार्ग बंद होतो. मरण रविवारची वाट पाहत नाही. आजारी मनुष्यास कारखान्याच्या पाळीचे वेळापत्रक कळत नाही. जो उपदेशक आठवड्यातून एकच दिवस मोकळा आहे त्याने सर्व भार आपल्या एकट्याच्या शिरावर घेतला, तर काही घरे वर्षानुवर्षे भेटीवाचून राहतात, आणि मंडळी समजते की आम्हांस पाळक आहे. इथ्रोने आपला जावई मोशे यास सांगितले की, हे काम तुझ्या एकट्याच्या शक्तीबाहेरचे आहे, तू थकशील आणि हे लोकही थकतील. तो वडीलकीचा सल्ला आमच्या मंडळ्यांस आजही हवा आहे.

येथे कोणी म्हणेल, पाचारण म्हणजे बाजारातला सौदा आहे काय? शिष्यांनी जाळी तत्काळ टाकिली, हिशेब केला नाही. ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिला उत्तर देणे आम्हांस अवश्य वाटते. मार्काच्या पहिल्या अध्यायात याकोब व योहान निघाले तेव्हा त्यांचा बाप जब्दी हा तारवात चाकरांसह राहिला, असे लिहिले आहे. म्हातारा एकटा पडला नाही; जाळे ओढण्यास हात उरले होते. पेत्र प्रभूच्या मागे गेला, तरी कफर्णहुमातील त्याचे घर मोडले नाही, उलट त्याच घरी त्याची सासू तापातून बरी झाली. आणि पुढे प्रवासात तो आपल्या पत्नीस बरोबर नेत असे, असे पौलाच्या लिहिण्यावरून दिसते. एलीशाने नांगराचे बैल कापिले खरे, पण आधी आईबापांचा निरोप घेतला आणि ते मांस आपल्या लोकांस खाऊ घातले. तत्परता व निष्काळजीपणा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. देव बोलावितो तेव्हा विलंब करू नये. पण त्याच्या नावाने दुसऱ्याच्या पाठीवर ओझेही टाकू नये.

मग निर्णय कसा करावा? एकट्याने करू नये, हे आमचे पहिले सांगणे. या बाबतीत धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड लोकांच्या गावाकडून मंडळ्यांनी काही शिकावे. ते गाव ख्रिस्ती नव्हे; पण तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे तर सर्वांच्या संमतीने निर्णय घेते, आणि त्याआधी अभ्यासमंडळात बसून विषयाचा कस काढिते. त्याच चिकाटीने त्या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाले. जंगलाच्या बांबूविषयी जे लोक इतक्या धीराने एकत्र बसतात, त्यांच्या शेजारी राहून आम्ही मनुष्याच्या आयुष्याविषयीचा निर्णय एका सभेतील उत्साहावर सोडून द्यावा काय?

म्हणून ज्यास पाचारण झाले आहे असे वाटते त्याने मंडळीच्या वडिलांपुढे यावे, आणि त्याच्या घरच्या माणसांसही बोलू द्यावे. पत्नीने होकार दिला असे गृहीत धरू नये, तिच्या तोंडून ऐकावे. तो नोकरी सोडणार असेल, तर मंडळीने प्रथम आपल्या कोठीकडे पाहावे. ज्या घरात रोज तांदूळ शिजतो त्या घरातून रोज एक मूठ बाजूस निघू शकते, आणि हंगामाच्या वेळी एक पायली धान देता येते. देणे मुळीच शक्य नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे आणि त्या मनुष्यास उपाशी धाडून त्यास विश्वासाची परीक्षा असे नाव देऊ नये. तो नोकरी ठेवणार असेल, तर मंडळीने पैशाऐवजी श्रम द्यावे. त्याच्या बांधीतील रोवणीस दोन दिवस दहा माणसे गेली, तर त्याच्या घरचे काम आटपेल आणि तो मोकळ्या मनाने आजाऱ्यांच्या भेटीस जाईल. भेटी, प्रेतसंस्कार, मुलांचा वर्ग ही कामे वडील, भगिनी व तरुण यांनी वाटून घ्यावी. महिन्यातून किती रविवार त्याचे आणि किती इतरांचे, हे वहीत लिहावे, आणि वर्षाने पुन्हा बसून ते तपासावे. अशा वहीत काही अधार्मिक आहे असे आम्हांस वाटत नाही. यरुशलेमेत विधवांच्या रोजच्या वाटणीविषयी कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी केवळ प्रार्थनेचा उपदेश करून ती मिटविली नाही. त्यांनी सात माणसे नेमविली.

शेवटी एक शब्द अशांसाठी, ज्यांस व्यासपीठाचे पाचारण झालेले नाही आणि ज्यांस त्यामुळे आपण कमी प्रतीचे ख्रिस्ती आहो असे वाटते. जो तेंदूपानांचे पुडे मोजताना खोटी गणती करीत नाही, जी परिचारिका मध्यरात्री नाला ओलांडून बाळंतिणीकडे जाते, जो शिक्षक पावसातही शाळा उघडितो, त्यांस देवाने बोलाविले नाही असे कोण म्हणेल? त्यांनी आपले काम चोख करावे. आणि शेजारचा बंधू उपदेशास निघाला असेल, तर त्याच्या शेतावर एक दिवस जावे. त्याच्या पाचारणाची किंमत मंडळीने मिळून आणि उघडपणे दिली, म्हणजे ती त्याच्या घरच्यांकडून चोरून घेण्याचे कारण उरणार नाही. येत्या रोवणीपूर्वी प्रत्येक मंडळीने या एका गोष्टीसाठी एक संध्याकाळ एकत्र बसावे, इतकीच आमची विनंती आहे.